१९९१ ला सद्दामला सोडला ही चूक होती का? (ब्रेंट स्कोक्रॉफ्ट, इराक आणि आपण)

पेठेतला पोपट

नमस्कार मंडळी. आमच्या फॅमिली ग्रुपवर भांडण लागलंय आणि मला मदत हवीय. निगडीचे मामा (बँकेतून रिटायर्ड, सध्या फुल टाइम संरक्षणतज्ज्ञ) यांचं म्हणणं असं की अमेरिकेने १९९१ ला सद्दामला अर्धवट सोडला, तेव्हाच बगदादला जाऊन त्याचा निकाल लावला असता तर २००३ च्या इराक युद्धाचं लचांड झालंच नसतं, आणि आपणही पाकिस्तानच्या बाबतीत दर वेळी तेच करतो, सुरू करतो आणि चार दिवसांत थांबतो.

मी वाचायला बसलो तर ब्रेंट स्कोक्रॉफ्ट हे नाव सारखं पुढे यायला लागलं. आधी फोर्डचा आणि मग थोरल्या बुशचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, म्हणजे आपल्याकडे डोवाल ज्या खुर्चीवर आहेत ती. १९९१ ला बगदादला जायचं नाही या मताचा. आणि हाच माणूस २००२ मध्ये, वय वर्षं ७७, पेपरात लेख लिहून धाकट्या बुशच्या सरकारला सांगतो की सद्दामवर हल्ला करू नका. मामा म्हणतात घाबरट होता. मला तसं वाटत नाही पण मुद्देसूद सांगता येत नाहीये. तर युद्ध, दहशतवाद आणि दोस्त देश याबद्दल त्याचं नक्की म्हणणं काय होतं आणि ते आपल्याला कितपत लागू होतं? प्लीज नुसत्या लिंका टाकून पळू नका, नीट लिहा, रविवारी मामा जेवायला आहेत.

कुवेत रिटर्न

घाबरट?? अहो २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, त्यानंतर व्हाइट हाऊसमध्ये जी पहिली बैठक झाली तिथला एकूण सूर असा होता की कुवेत तर गेलं, आता सौदी वाचवा आणि तेलाच्या भावाचं काय ते बघा. त्याने अस्वस्थ होऊन पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच हे आपल्याला चालवून घेता येणार नाही असं मांडणारा माणूस म्हणजे स्कोक्रॉफ्ट. वेस्ट पॉइंटला शिकलेला, एअर फोर्समध्ये लेफ्टनंट जनरलपर्यंत गेलेला. लढायला त्याची ना नव्हतीच. पण कशासाठी लढतोय आणि कुठे थांबणार हे आधी ठरवा, आणि एकटे जाऊ नका, या दोन गोष्टींवर तो अडून बसायचा.

दोस्त कसे जमवले ते बघण्यासारखं आहे. जमिनीवरची लढाई फेब्रुवारी ९१ अखेर झाली, म्हणजे मधे सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत तीसच्या वर देश एकत्र आणले, त्यात इजिप्त, सौदी तर होतेच पण सिरियासुद्धा! तो सिरिया ज्याला अमेरिकेने स्वतःच दहशतवादाला थारा देणाऱ्यांच्या यादीत टाकलेलं होतं. २९ नोव्हेंबर १९९० ला सुरक्षा परिषदेत ६७८ नंबरचा ठराव, बाजूने १२, विरोधात फक्त क्युबा आणि येमेन, चीन तटस्थ. आणि खर्च सुमारे ६१ अब्ज डॉलर, त्यातले ५४ अब्जांच्या आसपास दुसऱ्यांच्या खिशातून. इस्राएलवर इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडत असतानाही त्यांना लढाईत उतरू दिलं नाही, कारण ते उतरले असते तर अरब देश त्याच दिवशी बाहेर पडले असते.

आता मामांचा मुद्दा. ठरावात काय होतं, तर कुवेत मोकळा करा. जमिनीवरची लढाई १०० तासांत आटोपली आणि कुवेत मोकळा झाला. पुढे बगदादला जायचं तर कुठल्या अधिकाराने? अरब दोस्त थांबले असते का? आणि सद्दामला पकडल्यावर ते शहर, तो देश चालवायचा कोणी? थोरले बुश आणि स्कोक्रॉफ्ट या दोघांनी १९९८ ला मिळून पुस्तक काढलं त्यात त्यांनी हेच लिहिलंय, की गेलो असतो तर एका शत्रुदेशात कब्जा करणारी फौज होऊन बसलो असतो. हे २००३ च्या पाच वर्षं आधीचं आहे, त्यामुळे घडून गेल्यावर सुचलेलं शहाणपण म्हणता येत नाही.

आमचं बिऱ्हाड तेव्हा कुवेतला होतं. मी शाळेत. बसने बगदाद, तिथून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडिया. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय असे परत आणले. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गुजरालसाहेब यांनी सद्दामला मिठी मारली तो फोटो आजही लोक टोमणे मारायला वापरतात. मारा बापडे. आमच्या बसला इराकमधून वाट मिळाली ती बगदादशी बोलणं चालू होतं म्हणूनच.

बावधन बुद्रुक

स्कोक्रॉफ्टची आरती झाली असेल तर थोडं कडू पण घ्या.

१५ फेब्रुवारी १९९१ ला थोरल्या बुशने जाहीर आवाहन केलं की इराकी लष्कराने आणि जनतेने सद्दामला बाजूला सारावं. लोकांनी ऐकलं बिचाऱ्यांनी. दक्षिणेत शिया उठले, उत्तरेत कुर्द उठले. आणि मग? ३ मार्चला इराकमधल्या सफवानला युद्धबंदीची बोलणी झाली तिथे इराकी जनरलांनी विचारलं की पूल तुटलेत, आम्हाला हेलिकॉप्टर उडवू द्या, आणि अमेरिकेचे सेनापती जनरल श्वार्झकॉफ हो म्हणाले. त्याच हेलिकॉप्टरमधून उठाव चिरडला. हजारो माणसं मेली, लाखो कुर्द डोंगरात थंडीत पळाले, टीव्हीवर ते दिसायला लागलं तेव्हा एप्रिलमध्ये मदत पाठवली. इराकचे तुकडे झाले तर इराणचं फावेल ही भीती व्हाइट हाऊसमध्ये होती, आणि त्या गणितात बसराची माणसं कुठेच नव्हती.

अजून एक. जून ८९ मध्ये तिआनमेनला रणगाडे गेले आणि जुलैमध्ये हेच स्कोक्रॉफ्टसाहेब गुपचूप बीजिंगला हजर. डिसेंबरमध्ये परत गेले तेव्हा चिनी नेत्यांबरोबर ग्लास उंचावलेले फोटो जगाने बघितले. आता वर लिहिलंय की चीन तटस्थ राहिला. राहणारच की! त्याची तयारी आधी झाली होती. याला मुत्सद्देगिरी म्हणायचं तर म्हणा, पण किंमत नेहमी तिसराच कोणीतरी देतो.

आणि १९९१ चं ते तथाकथित स्वच्छ युद्ध संपल्यावर अमेरिकन फौज सौदीत बसून राहिली. लादेनची सगळ्यात मोठी ओरड हीच होती. १९९६ ला सौदीतच खोबर टॉवर्सवर स्फोट, १९ अमेरिकन हवाई सैनिक ठार. म्हणजे थांबलो थांबलो म्हणायचं आणि पाय मात्र तिथेच.

विद्यापीठ चौक

बावधन यांचा सौदीतल्या फौजेचा मुद्दा खरा आहे आणि तो फार कमी लोक काढतात. पण धाग्यात दहशतवादाबद्दल विचारलंय त्याला अजून कोणी हात लावला नाही म्हणून लिहितो.

तो लेख १५ ऑगस्ट २००२ चा, वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये. हेडलाइनच सद्दामवर हल्ला नको अशी. तेव्हा हा माणूस नुसता पेन्शनर नव्हता, राष्ट्राध्यक्षांच्या परराष्ट्र गुप्तवार्ता सल्लागार मंडळाचा अध्यक्ष होता, धाकट्या बुशनेच नेमलेला. कॉन्डोलीझा राईस त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या आणि आता त्याच्या जुन्या खुर्चीत. शिवाय जवळच्या मित्राच्या मुलाविरुद्ध लिहायचं. पुण्यात असं केलं तर लग्नाची पत्रिका यायची बंद होते.

लेखात सद्दाम वाईट आहे हे तो मान्यच करतो. त्याचा मुद्दा असा की सद्दामचा अतिरेकी संघटनांशी संबंध असल्याचा पुरावा फारसा नाही, ११ सप्टेंबरशी तर त्याहून कमी. सद्दामला आपल्या प्रदेशात दादागिरी करायची होती, तो आपली अस्त्रं अशा टोळ्यांच्या हातात कशाला देईल? आणि तुम्ही इराकवर गेलात तर दहशतवादाविरुद्धची जी खरी मोहीम चाललीय ती बारगळेल. कारण ती मोहीम रणगाड्यांवर चालत नाही, ती चालते कोणत्यातरी दुसऱ्या देशाच्या पोलिसांनी फोन टॅप केला, बँकेने खातं दाखवलं, विमानतळावर कोणाला तरी बाजूला घेतलं यावर. ११ सप्टेंबरच्या दुसऱ्याच दिवशी नाटोने कलम पाच लावलं, इतिहासात पहिल्यांदा. म्हणजे एकावर हल्ला तो सगळ्यांवर. एवढी सहानुभूती हातात असताना जर्मनी-फ्रान्सला नाराज करून इराकमध्ये उतरायचं म्हणजे ती उधळायची. एकट्याने गेलात तर खर्चही जास्त आणि काम अवघड हेही तो लिहितो.

पुढे काय झालं ते माहितीच आहे. महाविनाशक अस्त्रं सापडली नाहीत, जवळपास साडेचार हजार अमेरिकन सैनिक गेले, इराकी किती गेले ते वेगळंच, आणि त्याच अस्थिरतेतून पुढे आयसिस उभी राहिली. स्कोक्रॉफ्ट ऑगस्ट २०२० मध्ये वारले.

पोपटराव, मामांना सांगा की २००३ हे १९९१ चं राहिलेलं काम नव्हतं. ९१ नंतर सद्दाम निर्बंधांखाली होता, उत्तर आणि दक्षिण इराकवर त्याची विमानं उडू शकत नव्हती, शेजाऱ्यांना धोका राहिला नव्हता. पाच वर्षं आधी पुस्तकात जे करू नये म्हणून लिहिलं होतं तेच करायला २००३ मध्ये गेले.

शनिवारवाड्याचा पहारेकरी

आमच्याकडे हा विषय अडीचशे वर्षांपूर्वी संपलाय पण असो.

पानिपताला भाऊसाहेबांकडे तोफखाना होता, इब्राहिमखान गारदी होता, नव्हते ते दोस्त. सूरजमल जाट निघून गेला, राजपूत लांब बसून राहिले आणि शुजाउद्दौला नजीबखानाने अब्दालीकडे वळवला. तो शुजा आपल्याकडे यायचा किंवा निदान गप्प बसायचा यासाठी आधी कोणी बसून काम केलं असतं तर... जाऊ दे, जानेवारी आला की दर वर्षी हे बोलून होतं.

नाना फडणवीसांनी मात्र केलं होतं बरं का. इंग्रजांविरुद्ध हैदर, निजाम, नागपूरकर भोसले आणि पुणे अशी मोट बांधली होती, १७८० च्या सुमाराला. मग हेस्टिंग्जने निजामाला गुंटूर परत देऊन फोडला, भोसल्यांना पैसे देऊन गप्प केलं, राहिले पुणे आणि हैदर. तरी सालबाईचा तह बरोबरीत सुटला. त्यामुळे दोस्त जमवले की काम झालं असं समजू नका, समोरचाही पैसे घेऊन बसलेला असतो.

औंध रोड

पहारेकरी, तुमचा आयडी बदला आणि इतिहासाचे क्लास काढा.

मी फक्त आपल्या बाजूची एक गोष्ट घालतो जी या धाग्यात यायलाच हवी. २००३ ला बगदाद पडल्यावर अमेरिकेने आपल्याकडे सैन्य मागितलं होतं. थोडंथोडकं नाही, जवळपास एक अख्खी डिव्हिजन, उत्तर इराकसाठी. तेव्हा आपले सुरक्षा सल्लागार होते ब्रजेश मिश्र, १९९८ ला ते पद तयार झालं तेव्हापासूनचे पहिले. आणि हे काही अमेरिकाविरोधी गृहस्थ नव्हते, उलट त्याच वर्षी मे महिन्यात वॉशिंग्टनला जाऊन भारत, अमेरिका आणि इस्राएल यांनी दहशतवादाविरुद्ध एकत्र यावं असं भाषण करून आले होते. दिल्लीत बरेच दिवस खल झाला. शेवटी १४ जुलैला वाजपेयी सरकारने सांगितलं की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर आमचं सैन्य येणार नाही. विचार करा, गेलो असतो तर आपली पोरं मोसुलला गस्त घालत बसली असती. आणि इथे पुण्यात एनडीए, सदर्न कमांड, किरकीचे सॅपर्स, म्हणजे अर्ध्या शहराला ती बातमी घरची झाली असती.

तरी संबंध तुटले नाहीत, दोन वर्षांत अणुकराराची बोलणी सुरू झाली. दोस्ताला नाही म्हणता येतं. उलट १९९१ ला चंद्रशेखर सरकारने अमेरिकन लष्करी विमानांना आपल्याकडे इंधन भरू दिलं होतं, त्यावर राजीव गांधींनी एवढा गदारोळ केला की फेब्रुवारीत ते बंद करावं लागलं. तेव्हा आपली परकीय गंगाजळी तळाला लागलेली, थोड्या महिन्यांनी सोनं गहाण. खिसा रिकामा असला की हो आणि नाही दोन्ही म्हणायला जड जातं.

पेठेतला पोपट

अरे बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. वरचं थोडं थोडं ग्रुपवर टाकलं. मामांचं उत्तर जसंच्या तसं: "अमेरिकेचं सोड, पहलगामला २६ माणसं मारली त्यात पुण्याचे दोघे होते, तुझ्या त्या स्कोक्रॉफ्टने काय केलं असतं, लेख लिहिला असता का?" यावर काय बोलू?

विद्यापीठ चौक

मामांचा राग समजू शकतो, त्या दोघांच्या अंत्ययात्रेला अख्खं पुणे हळहळलं होतं. पण स्कोक्रॉफ्टची पद्धत म्हणजे काहीच करू नका अशी नव्हती हे वर आलंय. त्याने विचारलं असतं की कारवाई संपल्यावर काय बदललेलं असायला हवं? ७ मे २०२५ ला आपण नऊ ठिकाणी मारलं, आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की लक्ष्य अतिरेक्यांचे तळ आहेत, लष्करी ठाणी नाहीत आणि प्रकरण वाढवायचं नाही. १० ला थांबलो. आता ते तळ पुन्हा उभे राहतील का, यावर वाद घाला, तो योग्य वाद आहे. पण चार दिवसांत थांबलो म्हणून अर्धवट, हे गणित चुकीचं. ९१ च्या सद्दामकडे अणुबॉम्ब नव्हता, इथे समोर आहे. तरीही ज्यांना थांबायची जागा आधी ठरवायला नको त्यांनी लाहोरनंतर काय ते सांगावं.

आणि २६/११ चं उदाहरण द्या. तेव्हा शिवशंकर मेनन परराष्ट्र सचिव होते, पुढे सुरक्षा सल्लागार झाले. त्यांना स्वतःला सुरुवातीला वाटत होतं की लगेच प्रत्युत्तर द्यावं, आणि नंतर पुस्तकात त्यांनी लिहिलं की संयम ठेवला हे बरोबर झालं, हल्ला केला असता तर सगळा पाकिस्तान लष्करामागे एकवटला असता आणि जगाचं लक्ष मुंबईवरून उडालं असतं.

बावधन बुद्रुक

संयमाने काय मिळालं तेही सांगा मग. डेव्हिड हेडली. मुंबईची रेकी याने केली, पुण्यात कोरेगाव पार्कातही राहून गेला. ऑक्टोबर २००९ ला शिकागोत पकडला. पकडल्यावर कळलं काय, तर हा अमेरिकेच्याच अमली पदार्थ खात्याचा जुना खबऱ्या! आपल्या एनआयएला त्याच्यासमोर बसायला जून २०१० उजाडला. तोपर्यंत १३ फेब्रुवारीला इथे जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ माणसं गेली होती (त्यात हेडलीचा हात होता असं मी म्हणत नाहीये, पण पुण्याबद्दल तो काय काय बोलला हे आपल्याला आधी ऐकायला नको होतं का?). आणि शेवटी भारताच्या हवाली करणार नाही या अटीवर त्याने गुन्हा कबूल केला, ३५ वर्षं. ही तुमची दोस्त देशांची मदत.

विद्यापीठ चौक

बरोबर आहे, आणि चीड येते. पण त्याच हेडलीने २०१६ ला व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टात साक्ष दिली आणि आयएसआयची नावं घेतली. आणि त्याचा साथीदार तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत उतरला, सोळा-सतरा वर्षांनी का होईना. बॉम्ब टाकून राणा मिळाला नसता. दोस्ताकडून आपल्याला हवं ते सगळं मिळत नाही, त्याला सोयीचं असेल तेवढं मिळतं, तेही उशिरा. स्कोक्रॉफ्टला हे बहुतेक मान्य असतं, तो स्वतः दोस्तांना भोळेपणाने कधी वागवत नव्हता.

कुवेत रिटर्न

आणि दोस्त बदलतातही. मे २०२५ चं ऑपरेशन सिंदूर झाल्यावर तुर्कस्तान उघड पाकिस्तानच्या बाजूने, मार्केट यार्डात तुर्की सफरचंदं घेणार नाही म्हणून व्यापारी उठले. भूकंपात आपण मदत पाठवली होती त्याच तुर्कस्तानला. आणि अमेरिका म्हणाल तर दीड महिन्याच्या आत पाकिस्तानी लष्करप्रमुख व्हाइट हाऊसमध्ये जेवायला.

बावधन, शिया उठावाचा तुमचा मुद्दा मी खोडत नाही. मला एवढंच वाटतं की चूक थांबण्यात नव्हती, उठा म्हणून सांगण्यात होती. जे निभावायचं नाही ते बोलायचं कशाला.

बावधन बुद्रुक

हे मान्य. पहिल्यांदाच.

पेठेतला पोपट

मामांना सगळं वाचून दाखवलं. स्कोक्रॉफ्टबद्दल काहीच बोलले नाहीत, हेडलीवर मात्र अर्धा तास बोलले. आणि आता नवीन प्रश्न काढलाय की ठीक आहे, दोस्त देश हवेत, पण त्यांची फौज आपल्यासाठी लढायला आली तर खर्च कोणी करायचा?

शनिवारवाड्याचा पहारेकरी

ज्याच्या दारात ती उभी राहते त्याने. ३१ डिसेंबर १८०२, वसई, दुसरे बाजीराव. इंग्रजांची सहा हजारांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. १९९१ ला सौदी आणि कुवेतने पण प्रत्येकी १६ अब्ज डॉलर मोजलेच की. मामांना म्हणावं जेवण झालं की सविस्तर बोलू, मेनू काय आहे?